लिनक्सच्या वाटेवर : ‘वऱ्हाडे’ यादीत आहेत, पण सापडत नाहीत

रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक टीव्हीला जोडून दाखवायचं या आठवड्यासाठी कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळेवर टाकतो. मधल्या काळात असा एक प्रश्न आला, की त्याला सबंध हप्ता द्यावा लागेल, आणि हा माझा फार जुना, लाडका विषय आहे.

प्रश्न विचारणारा तरुण आमच्या कारंजा तालुक्यातलाच. शेतकऱ्यांच्या एका गटाचा हिशोब आणि सभासदांची यादी तो सांभाळतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट बंद झाले, जुना संगणक विंडोज ११च्या अटींत बसेना, तेव्हा ही लेखमाला वाचून त्याने त्यावर लिनक्स मिंट चढवलं. प्रिंटर चालला, ब्राउझर चालला, लिबरऑफिसमध्ये जुन्या याद्या उघडल्या. मग एके दिवशी एक सभासद आले, आडनाव वऱ्हाडे. याने कॅल्कमध्ये आडनाव टाकून शोध घेतला. बाकीचे वऱ्हाडे सापडले, समोर उभे असलेले काही सापडेनात. डोळ्यांनी एकेक ओळ खाली गेल्यावर मात्र नाव होतं. अगदी शुद्ध लिहिलेलं, काना-मात्रेचा फरक नाही. “भाऊ, लिनक्स टाकल्यापासून नावं गायब होऊन राह्यली,” म्हणत तो पेन ड्राइव्ह घेऊन कामरगावला माझ्याकडे आला.

लिनक्सने एकही नाव गायब केलेलं नव्हतं. नावं आधीपासूनच दोन तऱ्हांनी लिहिलेली होती. यादीचा अर्धा भाग पूर्वीच्या टंकलेखकाने इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केलेला, आणि उरलेला लोकांच्या फोनवरून मेसेजमध्ये आला, तो तसाच चिकटवलेला. पूर्वी संगणकावर शोध घेण्याची वेळ क्वचितच यायची, कारण छापील यादी टेबलावर असायची. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

त्याच्यासमोर एक साधी गोष्ट करून दाखवली. दोन्ही वऱ्हाडेंच्या शेजारच्या रिकाम्या घरात ‘लेन’ हे सूत्र टाकलं. हे सूत्र मजकुरात किती वर्णचिन्हं आहेत ते मोजून सांगतं. एका वऱ्हाडेंसमोर ७ आला, दुसऱ्यांसमोर ८. पडद्यावर दोन्ही नावं तंतोतंत सारखी, पण एकात एक चिन्ह जास्त. ते चिन्ह डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याला रुंदीच नाही. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर.

आता हे मुळापासून बघू. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. हे क्रमांक सोळाच्या पायावर लिहितात. आपला नेहमीचा ‘र’ आहे ०९३०. त्याच्या पुढचा ०९३१ आहे ‘ऱ’, म्हणजे खाली टिंब असलेला र. मराठीत हे अक्षर पूर्ण रूपात आपण कुठेही वापरत नाही. मग ते आलं कुठून? भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण केली. ती सगळ्या भारतीय लिप्यांना मिळून एकच होती, त्यामुळे तमिळ, मल्याळममधल्या वेगळ्या ‘र’साठी तिच्यात जागा ठेवावी लागली. देवनागरीत लिहिताना त्याच जागेवर टिंबवाला ऱ बसतो. युनिकोडने देवनागरीचा तक्ता इस्कीवरूनच घेतला, त्याबरोबर हाही आला.

मराठीची गरज वेगळी होती. आपल्याला अर्धा र दोन प्रकारे लागतो. ‘दर्या’मध्ये तो रफार होऊन डोक्यावर जातो, ‘दऱ्या’मध्ये आडवा होऊन य ला चिकटतो. आचार्यांना दक्षिणा द्यायची की आचाऱ्यांना मजुरी, हे तेवढ्यावरून ठरतं. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही, पण मराठीखेरीज नेपाळी आणि नेवारी लिहिताना ते लागतं. मग ठरलं असं, की टिंबवाल्या ऱ चा पाय मोडला, म्हणजे त्याला हलन्त लावून पुढे व्यंजन ठेवलं, की हे आडवं रूप उमटेल. पूर्ण रूपात आपल्याला निरुपयोगी असलेलं अक्षर अर्धं झालं की खास मराठीच्या कामाला येतं! ही योजना मला आजही विलक्षण वाटते.

अडचण अशी झाली, की १९९६च्या युनिकोड २.० मध्ये दुसरीच वाट सांगितलेली होती : साधा र, हलन्त, मग अदृश्य जॉइनर, मग य किंवा ह. पुढे ऱ ची वाट मुख्य ठरली, तरी जुना मजकूर बिघडू नये म्हणून जॉइनरची वाटही कायम ठेवली. त्यामुळे दोन्ही रूपं नियमात बसतात आणि पडद्यावर सारखीच दिसतात. एकात वऱ्हाडे सात चिन्हांचे होतात, दुसऱ्यात आठ.

आणि आमच्या भागाकडे बघा. वऱ्हाड, पऱ्हाटी, बिऱ्हाड, कुऱ्हाड, शेतकऱ्यांना, पेरणाऱ्या, निंदणाऱ्या. आमच्या मुलखाच्या नावातच हे अक्षर आहे. शेतीविषयीचं कोणतंही कागदपत्र घ्या, पहिल्या परिच्छेदात ते भेटणारच. महाराष्ट्राच्या इतर भागांनाही हा प्रश्न आहे, पण वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी गटाच्या यादीइतका दाट तो क्वचितच कुठे असेल.

आपल्या मजकुरात कोणती वाट वापरली आहे, हे ओळखायची माझी आवडती रीत सूत्रापेक्षाही सोपी आहे. रायटर उघडा, ‘शेतकऱ्या’ लिहिलेलं असेल तिथे शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस दाबत चला. देवनागरीत बॅकस्पेस सबंध जोडाक्षर खात नाही, एकेक चिन्ह मागून काढतं. आधी काना जाईल, मग य. य गेल्यावर जर र च्या खाली टिंब आणि पाय मोडल्याची खूण उघडी पडली, तर तुमचा मजकूर ऱ च्या वाटेचा. टिंब दिसलं नाही, तर जॉइनरच्या वाटेचा. एकदा करून बघाच. रोजच्या लेखनातल्या अक्षराच्या आत काय आहे, ते या एका कळीने समोर येतं.

लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत हा प्रकार आणखी स्पष्ट दिसतो. बहुतेक वितरणांत चालणारी एक्स्ट४ ही व्यवस्था फाइलचं नाव अक्षरं म्हणून वाचतच नाही. तिच्या दृष्टीने नाव म्हणजे बाइटांची एक ओळ. त्यामुळे ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने शेजारी राहू शकतात. आमच्या या तरुणाच्या पेन ड्राइव्हवरची यादी मी घरच्या संगणकावर उतरवून घेतली, तिच्या शेजारी दुसऱ्या वाटेने नाव टाइप करून एक कोरी फाइल ठेवली, आणि त्याला फोल्डर दाखवलं. तो बराच वेळ दोन्ही नावांकडे बघत राहिला. टर्मिनलमध्ये ‘ग्रेप’ने शोध घेतला, तर जी वाट टाइप कराल तेवढीच फाइल हाती लागते.

मॅकवरून फाइली येत असतील तर तिसरं रूपही भेटू शकतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था फाइलच्या नावातली अक्षरं सुटी करून साठवायची, म्हणजे ऱ चे दोन भाग : र आणि खालचं टिंब. सुदैवाने या रूपाची आणि एकसंध ऱ ची बरोबरी युनिकोडने अधिकृतपणे मांडलेली आहे, त्यामुळे नॉर्मलायझेशन, म्हणजे अशा समान रूपांचं एकीकरण, करणारा कोणताही प्रोग्राम त्यांना एक करतो. जॉइनरच्या रूपाला ही सवलत नाही. ते आपलं आपल्यालाच बदलावं लागतं.

यादी दुरुस्त कशी केली, ते आता सांगतो. आधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवली. मग आडनावाच्या रकान्याशेजारी नवा रकाना घेऊन त्यात कॅल्कचं ‘सबस्टिट्यूट’ हे सूत्र टाकलं. काय काढायचं आणि काय घालायचं, ते हाताने टाइप करण्याऐवजी ‘युनिचार’ने क्रमांक देऊन सांगितलं, म्हणजे कळफलकाचा गोंधळच उरत नाही. कॅल्कला हे क्रमांक दहाच्या पायावर द्यावे लागतात : र म्हणजे २३५२, ऱ म्हणजे २३५३, हलन्त २३८१, जॉइनर ८२०५. तेव्हा काढायचं ते २३५२, २३८१, ८२०५ असं ओळीने, मध्ये जोडचिन्ह (&) देऊन. आणि घालायचं ते २३५३, २३८१. सूत्र तळापर्यंत ओढलं, शेजारी पुन्हा ‘लेन’ टाकून पाहिलं. सगळे वऱ्हाडे सातावर आले. मग हा रकाना नकल करून मूळ जागी ‘फक्त मजकूर’ म्हणून चिकटवला. शोध घेतला, एकूण एक वऱ्हाडे सापडले. मजकुराच्या साध्या फाइली पुष्कळ असतील तर हेच काम टर्मिनलमध्ये ‘सेड’ एका ओळीत करतं, पण ज्याला यादीच सांभाळायची आहे त्याने सूत्राचीच वाट धरावी. ती डोळ्यांसमोर राहते.

इथे एक धोका आहे, तो नीट लक्षात घ्या. “मजकुरातली अदृश्य चिन्हं साफ करा” अशी सोय पुष्कळ प्रोग्रामांत असते, आणि ती वापरण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. मराठीत हे करू नका. जॉइनर नुसता उडवला तर मागे साधा र, हलन्त आणि य उरतात, आणि त्यांचा रफार होतो. ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. रस्त्यावरच्या फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर हे रूप रोज दिसतं. त्यातले काही टाइप करतानाच चुकलेले असतील, पण काही नक्कीच अशा साफसफाईत मोडलेले असणार. शेतकऱ्याचं नाव लिहिताना तरी हे होऊ नये, असं मला फार वाटतं.

त्याच यादीत आणखी एक जोडी निघाली, ती ‘ॲ’ची. गटाच्या सल्लागारांच्या नावांआधी ‘ॲड.’ होतं, आणि तेही दोन तऱ्हांचं. यामागे कारण वेगळं आहे. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याचा क्रमांक ०९७२. त्याआधी मराठी माणूस अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचा, आणि दिसायला ते हुबेहूब ॲ सारखंच. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागाही दिली. पण अ अधिक चंद्र हे जुनं लेखन आणि एकसंध ॲ यांची बरोबरी युनिकोडने मांडलेली नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन करूनही ती जोडी एक होत नाही. इथेही सूत्र तेच : काढायचे २३०९ आणि २३७३, घालायचा २४१८. ज्यांच्याकडे २००८ पूर्वीचा मराठी मजकूर साठलेला आहे, त्यांनी ॲ साठी एकदा तरी ही फेरी मारावी.

पुढे नवी नावं एकाच वाटेने यावीत, यासाठी त्याला मी इनस्क्रिप्टच सुचवला. लिनक्स मिंटच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये तो मिळतो. त्यावर इंग्रजी ‘जे’ची कळ म्हणजे र, आणि शिफ्ट धरून तीच कळ म्हणजे टिंबवाला ऱ. त्यानंतर ‘डी’च्या कळीवर हलन्त, मग य किंवा ह. ऱ, हलन्त, ह : तीन कळांत वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ तयार. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगच्या सवयीने टाइप करायचं असेल, त्यांच्यासाठी आयबस आणि एम१७एन यांच्या जोडीने उच्चारानुसारी पद्धतीही बसवता येतात. मात्र आपण घेतलेली पद्धत आडवा र कोणत्या वाटेने लिहिते, हे वर सांगितलेल्या बॅकस्पेसने आधी तपासून घ्या. फोनच्या कळफलकालाही हीच तपासणी लावता येते. फोनवर टाइप करून मजकूर संगणकावर पाठवायचा आणि मागून एकेक चिन्ह काढायचं.

अक्षर पडद्यावर नीट उमटणं हे वेगळ्याच दोघांचं काम आहे, फाँटचं आणि हार्फबझ या जुळणी करणाऱ्या लायब्ररीचं. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळीकडे हीच हार्फबझ अक्षरं जुळवते, आणि वरच्या दोन्ही वाटा तिला ठाऊक आहेत. फाँटमध्ये आडव्या र चं रूप रेखाटलेलं नसेल तर मात्र तिचाही इलाज चालत नाही. रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित देवनागरी’ या बाबतीत भरवशाचा आहे. त्याच्यावर पुण्यात पुष्कळ काम झालं आहे, आणि मराठी वळणाचे ल आणि श हेही त्यात आहेत. ते पडद्यावर यावेत म्हणून मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडावी लागते. या ल आणि श बद्दल लिहायला बसलो तर रास्पबेरी पाय दिवाळीपर्यंत खोक्यातच राहील.

पण फाँटचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या वेळी माझ्याबरोबर रास्पबेरी पाय चालू करणाऱ्यांनी एक तयारी करून ठेवा. त्याची प्रणाली डेबियनवर उभी आहे, आणि देवनागरी फाँट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसतात. डेबियनच्या भांडारात ‘फाँट्स-लोहित-देवा’ नावाचं पॅकेज आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही ते चटकन उतरतं. तेवढं बसवून, टीव्हीची एचडीएमआय केबल हाताशी ठेवून या.