पहिलं पुस्तक, तेही अठराच्या आत!

सीमाभागातल्या कडोलीच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळणाऱ्या, वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहिणाऱ्या मुलामुलींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी! 📚

✅ १६ पानांचा एक फर्मा. चार फर्मे झाले की ६४ पानांचा सुबक कवितासंग्रह तयार.

✅ १८ वर्षांखालच्या लेखकाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. म्हणून प्रकाशकाशी करार आई-बाबांनी किंवा पालकांनी करायचा. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा.

✅ कॉपीराइट मात्र लिहिताक्षणी तुमचाच, वय कितीही असो! लेखकाच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं.

✅ पुस्तकाची ओळख ठरवणारा आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो.

आधी हस्तलिखित मराठीच्या सरांना, बाईंना दाखवा. त्यांच्या लाल पेनाच्या खुणांनीच पुस्तक घडतं. सीमाभागातलं प्रत्येक नवं मराठी पुस्तक आपल्या भाषेचं बळ आहे. लिहा!