कार्यकारी स्मृती आणि औषधे

कार्यकारी स्मृती म्हणजे माहिती काही सेकंद मनात धरून ठेवून तिच्यावर काम करण्याची क्षमता. तोंडी गुणाकार करताना हातचा लक्षात ठेवणे, हे तिचे रोजचे उदाहरण. ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये तिचे प्रारूप मांडले. औषधाने ही क्षमता वाढते की घटते, हे औषधाइतकेच ते घेणाऱ्याच्या मेंदूवरही अवलंबून असते.

डोपामाइनचे कार्य

या स्मृतीसाठी कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग महत्त्वाचा असून त्याचे काम डोपामाइन या रसायनावर अवलंबून असते. ब्रोझोस्की व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या या भागातील डोपामाइन घटवले. तेव्हा मागच्या खेपेस निवडलेली बाजू आठवून या खेपेस दुसरी निवडणे माकडांना जमेनासे झाले. ही हानी तो भागच कापून काढल्यावर होणाऱ्या हानीच्या जवळपास पोहोचणारी होती आणि एल-डोपासारख्या औषधांनी ती भरूनही आली. पुढील संशोधनात मात्र डोपामाइनचा अतिरेकही तितकाच बाधक असल्याचे दिसले. म्हणूनच डोपामाइन आणि स्मृती यांचा संबंध टेकडीच्या आकाराच्या आलेखाने दाखवतात: मध्यावर शिखर, दोन्ही बाजूंना उतार.

निरोगी व्यक्तींवरील प्रयोग

मेथिलफेनिडेट हे अवधान-न्यूनता विकारावरील औषध पेशींकडून होणारे डोपामाइन व नॉरॲड्रेनॅलिनचे पुनर्शोषण रोखते. मेहता व सहकाऱ्यांनी २००० मध्ये निरोगी पुरुषांना ते ४० मिलिग्रॅम दिले. अवकाशीय स्मृतीच्या कसोटीत त्यांची कामगिरी सुधारली, पण प्रीफ्रंटल व पार्श्विका भागांतील ठरावीक ठिकाणी रक्तप्रवाह उलट कमी झाला. तेच काम मेंदूने कमी श्रमात केले, असा याचा अर्थ लावला जातो. केवळ मेंदूचे चित्र पाहून मात्र असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण प्रयत्न सोडून दिलेल्या माणसाच्या मेंदूतही क्रियाशीलता घटू शकते. सोबत कसोटीतील गुण पाहावेच लागतात. मुळात स्मृती कमी असलेल्यांना या औषधाचा लाभ अधिक झाला, हे विशेष.

हा फरक काही अंशी आनुवंशिक आहे. कॉम्ट हे विकर डोपामाइनचे विघटन करते. त्याच्या जनुकाचे ‘व्हॅल’ रूप असलेले विकर जलद, तर ‘मेट’ रूपातील संथ काम करते. मट्टे व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना ॲम्फेटामाइन दिले. व्हॅलच्या दोन प्रती असलेल्यांच्या मेंदूचे काम अधिक कार्यक्षम झाले. मेटच्या दोन प्रती असलेले, म्हणजे बहुधा आधीच शिखराजवळ असलेले, सर्वांत अवघड कसोटीत मागे पडले. परीक्षेच्या काळात ‘बुद्धी वाढवणारी गोळी’ शोधणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला यातून नुकसानही संभवते.

इतर औषधे

धोत्र्यात आढळणारे स्कोपोलॅमिन ॲसिटिलकोलिनचा, तर केटामाइन ग्लुटामेटचा मार्ग अडवते. दोन्हींमुळे निरोगी व्यक्तींची कार्यकारी स्मृती क्षीण होते.

भारतात मेथिलफेनिडेट व ॲम्फेटामाइन १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली येतात.