पर्समधलं पिस्तूल आणि मनातली भीती



मागच्या वेळी आपण हक्क म्हणजे काय हे पाहिलं. आज त्यातलाच एक अवघड प्रश्न घेऊ. तो मला एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवर विचारला. ती टेक्सासमध्ये नर्स आहे, रात्रपाळी करते. पहाटे पार्किंगमध्ये एकटी चालत जाते. तिथे दोनदा एक माणूस तिच्या मागे आला. ती म्हणाली, "सर, इथे पिस्तूल जवळ ठेवायला आता परवानासुद्धा लागत नाही. घेऊ का?"

मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, पण उत्तर चटकन सुचलं नाही. मग विचार केला, की हा प्रश्न नीट सोडवून पाहिला पाहिजे.

आधी वस्तुस्थिती. अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. पण स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं ते २००८ साली. घराबाहेर ते जवळ बाळगण्याचा हक्क मान्य केला तो त्यानंतर, २०२२ साली. तोवर न्यूयॉर्कमध्ये "मला याची खास गरज आहे" हे सिद्ध करावं लागे. ती अट न्यायालयानं रद्द केली. टेक्साससह निम्म्याहून अधिक राज्यांत तर प्रौढ माणसाला परवान्याशिवाय कपड्यांखाली किंवा पर्समध्ये पिस्तूल नेता येतं. काही माणसांना बंदी आहे, काही जागी बंदी आहे, पण सर्वसाधारण नियम हा.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क जवळपास सगळेच मान्य करतात. जॉन लॉकनं त्याचं कारण फार सोपं दिलंय. चोर माझ्यावर चालून आला, त्या क्षणी कायद्याकडे दाद मागायला मला वेळच नसतो. कायदा नंतर येईल, पण गेलेला जीव परत देणार नाही. म्हणून तेवढ्या क्षणापुरता न्यायाधीश मीच. आपल्याकडे भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये हेच होतं, आता न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्यातल्या अटी नीट पाहा. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला जरूर तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. म्हणजे हक्क आहे, पण तो त्या क्षणाला बांधलेला आहे.

इथे कुणी म्हणेल, "सर, प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली महाराजांची वाघनखंही लपवलेलीच होती की!" बरोबर. पण ती भेट कोणात होती? दोघांच्या वर एकच कायदा, एकच न्यायाधीश नव्हता. लॉकच्या भाषेत ती निसर्गावस्था. पार्किंगमध्ये चालणाऱ्या माणसांच्या डोक्यावर मात्र कायदा आहे. प्रश्न एवढाच, की तो वेळेवर पोचेल का?

आता 'छुपं' या शब्दाकडे या. आपल्याकडे पूर्वी काठीत गुप्ती असायची. कमरेची तलवार समोरच्याला सांगते, की जपून. गुप्ती काही सांगत नाही. मग छुप्या पिस्तुलाचा धाक बसतो कसा? समर्थक म्हणतात, कोणाकडे आहे हे कळत नाही म्हणूनच गुन्हेगार सगळ्यांना बिचकतो, म्हणजे ज्याच्याकडे नाही त्यालाही फायदा. युक्तिवाद हुशार आहे. जॉन लॉट या अर्थतज्ज्ञानं १९९८ च्या पुस्तकात आकडेवारीनं तो मांडला. पण २००४ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनं सगळे पुरावे तपासले आणि म्हटलं, की यावरून गुन्हे वाढतात की घटतात हे ठरवता येत नाही. नंतरच्या काही अभ्यासांनी तर हिंसक गुन्हे वाढतात असा निष्कर्ष काढला.

आणि या नाण्याची दुसरी बाजू हॉब्जनं १६५१ सालीच दाखवली होती. कोणाकडे आहे हे कळत नसेल, तर प्रत्येकाकडे असू शकतं. मग समोरच्यानं खिशात हात घातला की मी काय समजायचं? तो रुमाल काढतोय की आणखी काही? दोघेही भले असतील, तरी दोघांनाही आधी वार करण्याचा मोह होतो. इथे दुष्टपणा लागतच नाही, भीती पुरते.

याचं एक खरं उदाहरण सांगतो. बर्नहार्ड गेट्झ हा न्यूयॉर्कचा गृहस्थ. त्याला एकदा लुटारूंनी मारहाण केली. त्यानं पिस्तुलाचा परवाना मागितला, मिळाला नाही. मग तो विनापरवाना पिस्तूल बाळगू लागला. २२ डिसेंबर १९८४. भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांपैकी एकानं त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. गेट्झनं पाच गोळ्या झाडल्या. चौघेही जखमी झाले, एक कायमचा पांगळा झाला.

शहर दुभंगलं. कुणाला तो वीर वाटला, कुणाला माथेफिरू, कुणाला वर्णद्वेषी. न्यायालयापुढे मात्र नेमका तात्त्विक प्रश्न आला. त्याला मनापासून भीती वाटली, एवढं पुरेसं आहे का? राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं १९८६ साली सांगितलं, की नाही. त्याच्या जागी समंजस माणसाला तसं वाटलं असतं का, हेही पाहावं लागेल. मात्र त्याचे पूर्वीचे अनुभव विचारात घेता येतील. पुढे ज्यूरीनं त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, बेकायदा शस्त्राबद्दल दोषी ठरवलं. १९९६ साली दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीनं त्या पांगळ्या झालेल्या तरुणाला चार कोटी तीस लाख डॉलर भरपाई दिली. एकाच घटनेवर दोन ज्यूरी, दोन निकाल. कायदे वेगळे, पुराव्याचे निकष वेगळे, हे खरं. पण महिनोन् महिने विचार करून जे शहाण्यांना एकमतानं ठरवता आलं नाही, ते गेट्झनं काही सेकंदांत ठरवलं होतं.

माझा मुद्दा हा आहे. पिस्तूल आपल्याला ताकद देतं, पण निवाडा करण्याची अक्कल त्याच्याबरोबर मिळत नाही. आणि भीती तटस्थ नसते, बरं का. ती कोणाचा रंग, कोणाचे कपडे, कोणाची भाषा बघून वाढते.

आणखी एक गोष्ट. पर्समधलं पिस्तूल रोज घरी येतं. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीनं सुमारे ४८,८०० माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. परक्याच्या भीतीनं आणलेलं हत्यार बऱ्याचदा घरच्याच माणसाच्या हाती लागतं. वाईट रात्र टळून जाते, पण हाताशी पिस्तूल असेल तर ती टळेपर्यंत थांबायला वेळ उरत नाही. माझ्या विद्यार्थिनीचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे.

मी तिला म्हटलं, "अगं, तुझा हक्क मी नाकारत नाही. तुझी भीतीही खोटी नाही. पण तीन प्रश्नांची उत्तरं दे. अंधारात, घाबरलेली असताना, समोरचा कोण हे ओळखता येईल इतका सराव तू करशील का? हॉस्पिटलात पिस्तूल नेता येत नाही, मग बारा तास ते गाडीत राहील, गाडी फोडली तर? आणि घरी ते कुलपात ठेवलंस, तर किल्ली मुलाला सापडणार नाही याची खात्री आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, सध्या आम्ही चौघी मिळून गाड्यांपर्यंत जातो. पण ज्या दिवशी मी एकटी असेन, त्या दिवशी काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर असल्याचा आव मी आणला नाही. शस्त्र नको असं सांगणाऱ्या समाजावर एक जबाबदारी येते: पहाटे एकट्या बाईला निर्धास्त चालता यावं, अशी वाट त्यानं तयार केली पाहिजे. ती केली नाही, तर "नको" म्हणण्याचा आपला अधिकार कमी होतो. आणि जो शस्त्र घेतो, त्याच्यावर दुसरी जबाबदारी येते: आपल्या भीतीवर रोज संशय घेण्याची. हॉब्जला भीतीची ताकद कळली होती, लॉकला हक्काची मर्यादा. आपल्याला दोन्ही एकदम लक्षात ठेवावं लागतं, आणि अवघड तेच आहे.

तिनं अजून पिस्तूल घेतलेलं नाही. घेतलं तरी ती माझी विद्यार्थिनीच राहील, हेही मी तिला सांगितलं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.