दयेची पाळी

भोगीच्या दिवशी हिरेहब्बू वाड्यातून सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा निम्मं सोलापूर रस्त्यावर असतं. पांढरीशुभ्र बाराबंदी, कमरेचा पट्टा, त्यात तोललेली उंच काठी. अडसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत ही मिरवणूक शहराभोवती फिरते. कोणता ध्वज कोणाच्या मानाचा, कोण पुढे, कोण मागे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. एका वर्षी गोव्यातल्या साष्टीचे एक स्नेही यात्रेला आले होते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आमच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, फेस्ताला कोन्फ्रारियाची माणसं अशीच निघतात. अंगात ओपा हा झगा, खांद्यावर मूर्सा ही आखूड झूल, हातात मेणबत्ती. आणि कोणी कुठे चालायचं हेही असंच ठरलेलं."

त्या एका वाक्यामुळे मी या विषयात शिरलो.

कोन्फ्रारिया म्हणजे कॅथलिक गृहस्थांचा बंधुसंघ. यात पाद्री नसतात, मठवासीही नसतात. घरदार, शेती, धंदा सांभाळणारी माणसं एका संताच्या किंवा मारियेच्या नावाने एकत्र येतात, नियम लिहून काढतात, वर्गणी भरतात आणि एकमेकांच्या सुखदुःखाला उभी राहतात. मराठी माणसाला हे समजायला दिंडी पुरेशी आहे. दिंडीलाही विणेकरी असतो, चोपदार असतो, रथापुढचा किंवा मागचा नंबर असतो, भिशीचं जेवण असतं आणि वाटेत कोणी आजारी पडला तर त्याला सांभाळणारं कोणी असतं. फरक आहे तो कागदाचा. पोर्तुगिजांनी या बंधुत्वाचा दस्तऐवज केला. त्याला ते 'कोंप्रोमिसु' म्हणत, म्हणजे सभासदांनी एकमेकांना बांधून घेतलेली घटना.

या संघांमध्ये सर्वांत मोठा होता सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया, दयेचं पवित्र घर. पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने तो ऑगस्ट १४९८ मध्ये लिस्बनला स्थापन झाला. त्याच वर्षी मे महिन्यात वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला होता. समुद्रापार गेलेल्या माणसांच्या मागे विधवा, अनाथ आणि कर्जं उरणार होती आणि पुढे अनोळखी बंदरांत मरण येणार होतं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि त्यानंतर फार वर्षं न जाता गोव्यातही मिझेरिकॉर्दिया उभी राहिली. पुढे आपल्याकडे वसई आणि चौल इथेही तिच्या शाखा झाल्या.

तिचं काम चौदा दयाकृत्यांचं, सात देहाची आणि सात आत्म्याची. देहाची अशी: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, वाटसरूला आसरा, बंदिवानाची सुटका, मेलेल्याला माती. यात नवं काहीच नाही. बाराव्या शतकात सिद्धेश्वरांनी सोलापुरात तळं खोदवलं ते तहानलेल्यासाठीच. मला थक्क करते ती मिझेरिकॉर्दियाची रीत. तिने दयेला पाळी लावून दिली.

दरवर्षी २ जुलैला, मारियेने एलिझाबेथची भेट घेतल्याच्या सणाला, नवं मंडळ निवडलं जाई. एक प्रोव्हेदोर आणि बारा बंधू, मिळून तेरा. एकाकडे दप्तर, एकाकडे तिजोरी, कोणाकडे तुरुंग, कोणाकडे वस्तीत फिरून लाजेपायी हात न पसरणाऱ्या गरिबांची चौकशी. आज मनाला पाझर फुटला म्हणून दिलं आणि उद्या विसरलो, याला इथे जागा नव्हती. तुरुंग ज्याच्याकडे, त्याला तिथे जावंच लागे. कैद्याला जेवण पोचवायचं आणि ज्याला कोणी वाली नाही त्याच्या खटल्याचा पाठपुरावाही करायचा.

फाशीची शिक्षा झालेल्या माणसाबरोबर बंधू मिझेरिकॉर्दियाचा झेंडा घेऊन वधस्थानापर्यंत चालत. फाशी गेलेल्याची हाडं तिथेच पडून राहू नयेत, म्हणून सर्व संतांच्या सणाला ती गोळा करून मिरवणुकीने आणून पुरण्याची परवानगी लिस्बनच्या संघाने राजाकडून मिळवली होती. ज्याला राज्याने मारलं, त्याला माती द्यायला शहरातली प्रतिष्ठित माणसं चालत निघत.

गोव्यात या कामांना आणखी एक काम जोडलं गेलं, आणि माझ्या मते तेच सर्वांत विलक्षण. मलाक्क्यात किंवा होर्मुझमध्ये एखादा शिपाई मेला की तिथली मिझेरिकॉर्दिया त्याच्या सामानाची यादी करी, लिलाव करी, देणी भागवी आणि उरलेला पैसा गोव्यामार्फत पोर्तुगालमधल्या वारसाला पाठवी. बँक नाही, तार नाही, जहाज पोचेल याची खात्री नाही. तरीही कुठल्याशा खेड्यातल्या म्हातारीला मुलाच्या मृत्यूची बातमी आणि त्याचा पैसा या बंधूंच्या वह्यांमधून मिळे. या तिजोरीवर सरकारचाही डोळा असे. लढाया आल्या की व्हाइसरॉय इथूनच कर्ज उचलत आणि ते परत येईलच असं नसे.

गोव्याचं राजेशाही हॉस्पिटलही १५४२ पासून बराच काळ याच संघाकडे होतं. १५९१ मध्ये ते जेझुइटांकडे गेलं. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये तिथे दाखल झाला. त्याने वर्णन केलंय ते असं: आधी न्हाव्याने हजामत केली, मग कोमट पाण्याने अंघोळ, मग विजार, पांढरा सदरा, टोपी, सपाता. उशाशी पंखा आणि प्यायच्या पाण्याचं मातीचं भांडं. जगात असं हॉस्पिटल दुसरं नसेल, असं त्याला वाटलं. जहाज फुटून मालदीवमध्ये अडकलेला आणि गोव्यात कैदी म्हणून आलेला हा माणूस. त्याला तो धुतलेला सदरा किती मोलाचा वाटला असेल!

पण हे बंधू म्हणजे कोण? उमराव आणि कारागीर अशा दोन वर्गांतून ते घेतले जात, आणि रक्ताच्या 'शुद्धतेची' अटही होती. स्थानिक ख्रिस्ती माणसाला त्या यादीत जागा नव्हती. स्त्रियांनाही नव्हती. त्यांच्या वाट्याला सेर्रा आणि माग्दालेना ही दोन आश्रयगृहं आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आर्चबिशप मेनेझिसने ती उभी केली आणि मिझेरिकॉर्दियाने चालवली. तिथे निराधार मुलींना आसरा आणि हुंडा मिळे, हे खरं. नवरा समुद्रावर गेला म्हणून बायकोला तिथे ठेवलं जाई, हेही तितकंच खरं.

आणि एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. १५४१ मध्ये गोव्यात 'सांता फे', म्हणजे पवित्र श्रद्धेचा, बंधुसंघ निघाला. तिसवाडीतली देवळं पाडली गेली होती. त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न या संघाच्या कामाकडे आणि त्याने काढलेल्या विद्यालयाकडे वळवण्यात आलं. कागदावर गावकऱ्यांची संमती आहे. ज्या गावाचा देव गेला, त्याची संमती कशी घेतली गेली असेल, हे सांगायला कागद लागत नाही. दयेच्या वह्या वाचताना ही वहीही शेजारी उघडी ठेवली पाहिजे.

मोठ्या संघाचं दार बंद होतं म्हणून गोव्यातल्या गावांनी आपापल्या इगर्जींत आपले संघ काढले. रोजारी सायबिणीचा, म्हणजे मारियेचा, सांक्रामेंताचा, अमुक वेदीचा. पण दाराबाहेर ठेवल्या गेलेल्यांनीही आपल्या घराला दार बसवलंच. ब्राह्मणांची कोन्फ्रारिया वेगळी, क्षत्रिय म्हणवणाऱ्या चारड्यांची वेगळी, शूद्रांची वेगळी. धर्म बदलला; वांगड, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचे गट, बदलले नाहीत. साष्टीतल्या कुंकळ्ळीत सायबिणीच्या फेस्ताचा मान गावकऱ्यांच्या बारा वांगडांच्या कोन्फ्रारियाकडे राहिला आणि इतरांनी समान हक्क मागितला तेव्हा तो वाद वर्षानुवर्षं चालला. मान सांभाळणाऱ्यांना मी समजू शकतो. सोलापुरात वाढलेल्याला मानाची किंमत सांगावी लागत नाही. पण ज्या बंधुत्वाची एक प्रतिज्ञा उघड्याला वस्त्र देण्याची, त्याने ओपा कोणी घालायचा यावरून माणसं बाजूला काढावीत, हे मला पटलेलं नाही.

त्याच कुंकळ्ळीची दुसरी बाजूही आहे. गावची शांतादुर्गा सोळाव्या शतकात फातर्प्याला गेली. वर्षातून एकदा ती छत्र्यांच्या उत्सवात आपल्या जुन्या गावी येते. छत्र्या बारा, एकेका वांगडाची एक. त्या वांगडांत आज ख्रिस्ती घराणीही आहेत आणि मिरवणुकीत तीही येतात.

त्या स्नेह्यांच्या वडिलांचं पुढे निधन झालं तेव्हा मी साष्टीत गेलो होतो. घराच्या अंगणात कोन्फ्रारियाचे सात-आठ जण आले. कोणी ट्रॅक्टर चालवणारा, कोणी आखातातून सुट्टीवर आलेला. एकाच्या पिशवीतून ओपे निघाले, इस्त्रीच्या घड्या अजून तशाच. एकाचा ओपा आखूड होत होता, त्याने तो खाली ओढून सारखा केला. क्रूस पुढे, मेणबत्त्या दोन रांगांत. एक तरुण मृताला ओळखतही नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, "आज आमची पाळी."