वारेचे कार्य

गर्भ मातेच्या रक्तावर वाढतो असे आपण सहज म्हणतो. परंतु वस्तुतः माता व गर्भ यांचे रक्त सामान्यतः एकमेकांत मिसळत नाही, आणि या दोन प्रवाहांमध्ये तलम पडदा राखून सारा व्यवहार ज्या अवयवामार्फत चालतो, तो म्हणजे वार. प्राणवायू व शर्करा तिच्यातून गर्भाकडे जातात, त्याज्य पदार्थ मातेकडे परततात. मात्र या नाक्यावरची तपासणी चोख नसल्यामुळे मद्य, निकोटीन आणि कित्येक औषधेही बिनदिक्कत पार होतात. नाळेत दोन धमन्या व एक नीला असते. पण येथे नेहमीचा क्रम उलटतो, कारण शुद्ध रक्त नीलेतून गर्भाकडे येते आणि अशुद्ध रक्त धमन्यांतून वारेकडे जाते.

पूर्ण दिवसांच्या प्रसूतीत सुमारे ५०० ग्रॅम वजनाची ही वार बाळापाठोपाठ पडते, तेव्हा ती सपाट ताटात पसरून तिच्या मातेकडील बाजूचे सर्व खंड शाबूत आहेत की नाहीत, हे परिचारिकेने उजेडात बारकाईने पाहावयाचे असते. कारण एखादा तुकडा आत राहिल्यास गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही व रक्तस्राव मातेच्या जिवावर बेततो. म्हणून वारेची तपासणी होऊन दप्तरी नोंद होईपर्यंत प्रसूती पार पडली, असे परिचारिकेने समजू नये.