कॅमेरा सरळ, भिंग वर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा फोटो रस्त्यावरून काढा; १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही भक्कम इमारत हमखास मागे रेललेली दिसते. दोष वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा नव्हे, आपण कॅमेरा वर करतो त्याचा. सेन्सर कलला, की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात.

टेक्निकल कॅमेऱ्यात भिंग वेगळं सरकवता येतं. मागचा डिजिटल बॅक, म्हणजे सेन्सर असलेला भाग, भिंतीला समांतर ठेवायचा आणि फक्त भिंग वर सरकवायचं. घुमट चौकटीत येतो, रेषा ताठ राहतात. हे जमतं, कारण ५३.४ × ४० मिलिमीटर सेन्सरचा कर्ण सुमारे ६७ मिलिमीटर. रोडेनस्टॉकच्या ३२ मिलिमीटर भिंगाचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे भिंग मागे जेवढी गोल प्रतिमा पाडतं तिचा व्यास, मात्र ९० मिलिमीटर. सरकायला ऐसपैस जागा.

फुकट काहीच नाही म्हणा. कडेचा प्रकाश सेन्सरवर तिरपा पडतो आणि पांढऱ्या ढगाची एक बाजू हिरवट, दुसरी गुलाबी होऊ शकते. म्हणून त्याच मांडणीत भिंगापुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा धरून आणखी एक फोटो घेतात. सॉफ्टवेअर त्यावरून रंग दुरुस्त करतं. रेषाही सॉफ्टवेअरने सरळ होतात, पण ताणलेल्या भागातले बारकावे विरघळतात. घुमटाजवळच्या कोरीवकामात मला ते लगेच खुपतं.