काठी, बॅटरी आणि शिट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



वाशिम-रिसोड रस्त्यावरच्या आमच्या रिठदसारख्या गावात ‘स्वसंरक्षण’ हा शब्द अजून जरा परकाच वाटतो. तो शब्द शहरातला, कराटेच्या पांढऱ्या कपड्यांतला. पण हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री बारा वाजता एकटा निघालेला शेतकरी, सकाळच्या एसटीनं कॉलेजात जाणारी मुलगी, सोयाबीन विकून खिशात पैसे घेऊन मोटारसायकलवर घरी परतणारा माणूस, या तिघांनाही त्याची गरज रोजचीच आहे. फक्त आपण त्याला तसं नाव देत नाही. ‘जरा जपून जा’ एवढंच म्हणतो. आज मला बोलायचंय ते जपून जायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि सोबत काय ठेवायचं, यावर.

सुरुवात घरातल्याच गोष्टीनं करतो. माझ्या पुतण्यानं यात्रेतल्या दुकानातून एक घडीचा चाकू घेतला होता. चकचकीत पातं, वर काळी मूठ. कमरेला लावून हिंडायचा. त्या वर्षी डिसेंबरात रात्रपाळीची वीज होती. गडी ओलिताला एकटाच गेला. हातात जुनी बॅटरी, तीही अर्धी उतरलेली. मोटर सुरू करून दांड फोडायला गेला, तर शेजारच्या तुरीतून रानडुक्कर बाहेर आलं. यानं घाईघाईत चाकू उघडला, बॅटरी हातातून पडली आणि अंधारात पातं त्याच्याच बोटांवर मिटलं. डुक्कर आपल्या वाटेनं निघून गेलं. पुतण्याच्या हाताला मात्र सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “काका, मले तर काही सुचलंच नाही.”

हे त्याचं वाक्य महत्त्वाचं आहे. घाबरल्यावर माणसाला नवं काही सुचत नाही. जे शंभर वेळा केलेलं असतं, तेवढंच हातून होतं. म्हणून न वापरलेली वस्तू खिशात असणं म्हणजे संरक्षण नव्हे. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. तीस वर्षं मुलांना लाठी शिकवली. माझ्याकडे लोक नेहमी विचारायला येतात, ‘गुरुजी, सोबत काय ठेवू?’ मी त्यांना उलट विचारतो, ‘तुम्ही कुठून कुठं जाता, किती वाजता, आणि हातात आधीच काय असतं?’

ओलिताला जाणाऱ्याचं उत्तर सोपं आहे. पहिली वस्तू बॅटरी. चाकू नाही, काठीही नाही, बॅटरी. आपल्या वावरात रात्री जे जे घातक आहे, त्यातलं बहुतेक आधी दिसलं तर टळतं. दुकानदार हजार-दोन हजार फुटांच्या गोष्टी सांगतो. त्याकडे लक्ष देऊ नका. लांबचा झोत ही चैनीची गोष्ट झाली, पायापुढचा पंधरा-वीस पावलांचा उजेड ही गरज. घेताना दुकानातच दहा मिनिटं चालू ठेवून बघा. बटण ओल्या हातानं, न बघता दाबता येतं का, ते बघा. डोक्याला लावायची बॅटरी फार सोयीची, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. पण तिच्यात एक खोट आहे. उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे जमिनीवरच्या वस्तूची सावली दिसत नाही आणि वेटोळं घालून बसलेली परड ढेकळासारखी वाटते. हातातली बॅटरी कमरेखाली धरून चालवली की दगडाची, सापाची सावली लांब पडते आणि नजरेत भरते. म्हणून मी दोन्ही ठेवायला सांगतो. डोक्याची कामासाठी, हातातली चालण्यासाठी. एक बंद पडली तर दुसरी आहेच. आणि सांजच्याला चार्ज करून ठेवा. रात्री निघताना चार्जिंग आठवतं, तेव्हा घरातली वीज गेलेली असते, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

दुसरी वस्तू पायात. साप चावण्याच्या घटनांत दंश बहुतेक वेळा पाय, घोटा आणि पोटरीच्या खालच्या भागावरच होतो. गुडघ्याखालपर्यंतचा गमबूट हे सगळ्यांत स्वस्त चिलखत आहे. आपल्या काळ्या, चिकण जमिनीत तो फसतो, पाय उपसताना बूट मागे राहतो, हे मलाही मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे बूट मापाचाच घ्यायचा, आत जाड मोजा घालायचा. ‘पोराच्याही कामी येईल’ म्हणून एक नंबर मोठा घेतला की तो चिखलात गेलाच म्हणून समजा. वावरात झोपायची वेळ आली तर खाली अंथरूण टाकू नका. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. बाज आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं ते संकट बरंचसं टळतं. चावलाच तर दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस म्हणजे आपली परड, आणि फुरसे, या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. त्यामुळे साप मारून पिशवीत आणायची गरज नसते.

आता काठी. हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या. मी अमरावतीला शिकलो. तिथलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं. त्याच मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवले होते. लाठी तिथं रक्तात मुरते. तरीही मी सांगतो की, वावरात लाठी फिरवायची नसते. तिथं काठीचं काम निराळंच आहे. पुढची जमीन ठोकत जाणं, कारण सापाला जमिनीची थरथर कळते. दांडातल्या गवतात पाय घालण्यापूर्वी काठी घालणं. कुत्रं अंगावर आलं तर काठी आडवी धरून ते आणि आपण यांत अंतर ठेवणं. मारायला धावलात की कुत्रं जास्त चवताळतं, आणि पळालात तर मागं लागतं. मानवेल बांबूची, भरीव, कानापर्यंत उंचीची काठी घ्या. पेरं जवळजवळ असलेली. खालच्या टोकाला लोखंडी शेंबी बसवा, वर्षातून दोन-तीनदा तेल पाजा. कुठं चीर दिसली की ती काठी वेलाच्या मांडवाला द्या.

रानडुकराशी मात्र काठीनं लढायला जाऊ नये. त्याची नजर अधू असते, नाक आणि कान तिखट. तुरीत, उसात शिरण्यापूर्वी मोठ्यानं बोला, खाकरा, डबा वाजवा. त्याला निघून जायला वाट मिळाली की ते सहसा जातं. वाट अडली किंवा सोबत पिल्लं असली की मुसंडी मारतं, आणि सुळा लागतो तो मांडीला. अशा वेळी झाडामागे जा, नाहीतर उंच धुऱ्यावर चढा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर, रोही यांना परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर कायदा तो गुन्हा मानत नाही. पण कुंपणात वीज सोडणं हे त्यात बसत नाही. त्या तारेला डुक्कर लागतं तसा पहाटे परसाकडला गेलेला शेजारीही लागतो. त्याला मी स्वसंरक्षण म्हणणार नाही.

माणसापासूनच्या धोक्याकडे वळतो. इथं पहिला प्रश्न कायद्याचा, कारण पुतण्याच्या त्या चाकूनं आणखी एक घोटाळा होऊ शकला असता. सणासुदीच्या, निवडणुकीच्या दिवसांत ‘जिल्ह्यात कलम ३७ लागू’ अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं हे कलम. त्याखाली आदेश निघाला की सार्वजनिक ठिकाणी सुरे, तलवारीच नव्हे, तर लाठ्या-काठ्या बाळगायलाही बंदी घालता येते. म्हणजे तीच काठी वावरात अवजार, आणि त्या दिवसांत बाजारात घेऊन हिंडलात तर पोलिसांना उत्तर द्यावं लागेल. विळा, कोयता कामापुरता वावरात न्या, कामावरून परतताना पोत्यात गुंडाळून आणा.

स्वतःला वाचवण्याचा हक्क मात्र कायद्यानं दिलेलाच आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्याची हद्द अशी की, धोका असेपर्यंतच आणि धोक्याला पुरेल एवढाच मार. समोरचा पळाला, त्याच्या मागे धावून त्याचं डोकं फोडलं, तर आरोपी तुम्हीच. शाळेतल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती नाराज होतात. सिनेमात तर पाठलाग करूनच मारतात.

मुलींच्या बाबतीत अलीकडे बरं काम होतंय. समग्र शिक्षा योजनेतून शाळांमध्ये राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिलं जातं, तीन महिन्यांचं. माझी त्यात एकच भर असते. ट्रॅकसूट आणि बूट घालून, सपाट मैदानावर, सकाळच्या उजेडात शिकलेलं संध्याकाळी एसटीच्या गर्दीत आठवत नाही. म्हणून मी मुलींना चपला घालून, ओढणी घेऊन, खांद्यावर दप्तर अडकवून सराव करायला लावतो. पहिल्या दिवशी सगळ्या हसतात. मग कळतं की दप्तर टाकून पळायलासुद्धा शिकावं लागतं. नाहीतर पुस्तकांपायी पाय अडतात. कोणी मनगट धरलं तर हात सरळ मागे ओढू नका, त्यात त्याचीच ताकद जिंकते. पकड जिथं उघडी असते तिथं, म्हणजे त्याच्या अंगठ्याकडे, मनगटाची अरुंद कड वळवायची, कोपर त्याच्या दिशेनं पुढे न्यायचं आणि झटका द्यायचा. हात सुटला की उभं राहायचं नाही. दुकान, घर, बायकांचा घोळका, जिथं माणसं असतील तिकडे पळायचं. हे दर आठवड्याला दहा मिनिटं करा. तीन महिने करून वर्षभर सोडलं तर अंग विसरतं.

मिरचीच्या फवाऱ्याबद्दल आयाबाया विचारतात. बाळगायला हरकत नाही, परवाना लागत नाही. पण बाटलीवरची मुदत बघा, वाऱ्याकडे पाठ करून मारा, आणि पर्सच्या तळाशी रुमालाखाली ठेवायचा असेल तर घेऊच नका. घरची मिरचीपूड पुडीत बांधून नेणं हा त्याहून वाईट बेत. पुडी सोडेपर्यंत वेळ जातो आणि वारा फिरला तर तिखट आपल्याच डोळ्यांत.

त्यापेक्षा शिट्टी घ्या. किल्लीच्या जुडग्याला किंवा गळ्यातल्या दोरीला लावा. घाबरल्यावर घसा कोरडा पडतो, आवाज फुटत नाही. शिट्टीला मात्र नुसता श्वास पुरतो. वावरातही तिचा उपयोग आहे. आमच्या आळीतल्या ओलितवाल्यांनी आपसांत ठरवलंय, तीन शिट्ट्या म्हणजे धावून या. मोबाईलवर ११२ आहेच. २०१७ पासून विकायला आलेल्या साध्या मोबाईलवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं, आणि स्मार्टफोनवर बाजूचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की संकटाचा फोन लागावा, असा नियम आहे. आपल्या मोबाईलवर नेमकं कसं आहे, ते दुकानदाराकडून आजच समजून घ्या.

मागच्या महिन्यात सराव संपल्यावर नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “गुरुजी, वरडायचं तर काय वरडायचं?” मला तिचा प्रश्न आवडला. नुसतं ‘वाचवा’ म्हटलं तर लोकांना घरगुती भांडण वाटतं आणि ते बघत उभे राहतात. मी तिला म्हटलं, “काय चाललंय तेच सांगायचं. ‘हा माणूस माझ्या ओळखीचा नाही, माझा हात सोडत नाही.’ आणि एकाकडे बोट दाखवून म्हणायचं, ‘निळ्या शर्टवाले काका, इकडे या.’” मग सगळ्या मुलींना ते एकेकदा ओरडायला लावलं. पहिल्या चार-पाच जणींचा आवाज घशातच अडकला. सहावीचा असा निघाला की रस्त्यावरून निळा शर्ट घालून चाललेले एक गृहस्थ सायकल टाकून खरोखरच मैदानात आले.